आखूड रिकीब

१

चित्रांतल्या घोड्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. जिवंत घोड्यांबद्दल तक्रार नाही, त्यांच्यातच मी वाढले. आमचे बाबा घोडेस्वारी शिकवायचे. ताई आणि मी चालायला लागायच्या आधी खोगिरावर बसलो असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्यामुळे संग्रहालयाच्या लांबट दालनातून जाताना दोन्ही भिंतींवरचे घोडे बघून मला नुसतं चुकचुकावंसं वाटतं. कुणाची मान बदकाची, कुणाचे चारही पाय एकाच वेळी हवेत ताणलेले. कित्येक पिढ्या चित्रकारांनी धावता घोडा असाच काढला. कॅमेरा येऊन त्यांना गप्प करीपर्यंत तबेल्यात जाऊन नीट बघायची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

आमचे मास्तर म्हणायचे, चित्रातला घोडा हा घोडा नसतोच, ते वर बसलेल्या माणसाबद्दलचं मत असतं. मास्तर म्हणजे संग्रहालयाचे व्याख्याते. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, पण प्रेक्षकांचा घोळका मागे घेऊन ते बोलत निघाले की त्यांना दुसरं नाव शोभलं नसतं. पांढरा घोडा म्हणजे विजय. दोन पायांवर उभा राहिलेला घोडा आणि स्वाराच्या एका हातात सैल लगाम म्हणजे राज्य मुठीत आहे. काळा, डोळे फिरवणारा घोडा म्हणजे मनातले विकार. आणि सगळ्यात शेवटी, दालनाच्या टोकाला खिडकीशेजारी, आमचा फिकट घोडा. लहानखुऱ्या चणीचा, पण खऱ्या घोड्याएवढा, फरशीपासून वीतभर उंचीवर टांगलेला. दगडी अंगण, भिंतीत कडी, कडीला दोर, दोराला घोडा. पाठीवर खोगीर, आणि खोगिरावर कोणी नाही.

रिकामं खोगीर म्हणजे स्वार गेला, घोडा मागे उरला, असं मास्तर आवाज खाली आणून सांगायचे. लोक हळहळायचे आणि मग चहाला जायचे.

मला ते पटत नसे. घोड्यावरून उतरलं की रिकीब, म्हणजे पाय टेकवायची लोखंडी कमान, पट्ट्यावरून वर सरकवून खोगिराला टेकवून ठेवायची, नाहीतर ती घोड्याच्या कुशीला बडवत राहते. बाबांकडे हे पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. या घोड्याची रिकीब खाली सोडलेली होती आणि पोटाखालचा तंग आवळलेला होता. म्हणजे कोणी उतरलं नव्हतं, कोणीतरी बसणार होतं. मी मास्तरांना एकदा तसं म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या व्याख्यानाची वाट लावाल." आम्ही दोघं हसलो आणि विषय तिथेच राहिला.

२

माझं काम चित्रं दुरुस्त करायचं. लोकांना वाटतं मी ती पुन्हा रंगवते. तसं केलं तर मला हाकलून देतील. जिथला रंग गळून गेला तेवढीच जागा पांढऱ्या लुकणाने भरायची, गुळगुळीत करायची आणि शेजारच्या रंगाशी रंग जुळवायचा. मूळ रंगाचा एक कणही जिथे शिल्लक आहे तिथे ब्रश टेकवायचा नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आणि शेवटचाही. काम चांगलं झालं की ते कुणाला दिसत नाही. आयुष्यभर राबून काहीच न दिसणं हे घरकामातही असतंच, तेव्हा मला त्याची सवय होती.

खिडकीशेजारच्या भिंतीत पाणी मुरलं आणि फिकट घोडा माझ्या कार्यशाळेत आला. चित्र उभं करायची लाकडी घोडी त्याच्या वजनाला पुरेना, म्हणून त्याला भिंतीशी टेकवून बुटक्या ठोकळ्यांवर ठेवलं. घोड्याला घोडी पुरत नाही, यावर शिपायांनी दिवसभर विनोद करून घेतले. खोगिराच्या खाली, कुशीवर, ताटाएवढ्या जागेतला रंग पापुद्रे होऊन सुटला होता. रिकिबीचा चामडी पट्टा त्या जागेतून खाली जात होता. खुद्द रिकीब त्या जागेच्या बरीच खाली, शाबूत होती. तिच्या पोकळीतून अंगणाची फरशी दिसत होती.

बाबांची माप घ्यायची रीत साधी होती. बोटांची टोकं खोगिरावर जिथे पट्टा अडकतो तिथे टेकवायची, रिकीब उचलून काखेकडे आणायची. काखेत बरोबर बसली की पट्टा तुमच्या मापाचा. चित्रातली रिकीब उचलता येत नाही, म्हणून मी बुटक्या स्टुलावर बसून हात वर ताणला. रिकीब काखेच्या बरीच खाली राहिली. कुठल्यातरी उंच माणसाची होती ती.

तेवढ्यात मास्तर आले. उंच माणूस, दाराच्या चौकटीला सवयीने मान तुकवणारा. मी त्यांना गमतीने स्टुलावर बसवलं आणि हात वर करायला लावला. बोटं पट्ट्याच्या टोकाला टेकली आणि रिकीब त्यांच्या काखेत येऊन बसली, जणू शिंप्याने माप घेऊन शिवली होती.

"मास्तर, तुमचा घोडा आलाय," मी म्हटलं.

ते खूप हसले. गुडघे धरत उठले आणि म्हणाले, या वयात मला आता बैलगाडी बरी.

३

पुढच्या आठवड्यात मास्तर सकाळी खुर्चीतल्या खुर्चीत गेले. त्यांचा पुतण्या सांगत होता, हातातला कप तसाच होता, चहा सांडलासुद्धा नाही. मी त्यांच्या घरी जाऊन बसून आले. माझं ते बोलणं मला आठवत होतं, पण माणसं काय काय बोलतात, त्याचा विचार करत बसलं तर तोंड शिवून घ्यावं लागेल.

परत कामावर आले तर कार्यशाळेत ओल्या चामड्याचा वास होता. लहानपणी बाबांच्या अंगाला यायचा तसा. मी खिडक्या उघडल्या. चित्राकडे पाहिलं तर घोड्याची मान खांद्यापर्यंत गडद झाली होती, घाम फुटल्यावर होते तशी. दमट हवेत व्हार्निश असं बदलतं. धुरकट होतं, डाग पडल्यासारखं दिसतं. मी ते कोरड्या कापडाने हलकेच पुसलं आणि कामाला लागले.

ब्रश धुवायला मी आतल्या मोरीशी गेले होते तेव्हा आवाज आला. कट्ट. बक्कलाचा काटा पट्ट्याच्या भोकात बसतो तो आवाज. तबेल्यात वाढलेल्या माणसाला तो चुकत नाही. नळ बंद करून मी ऐकत राहिले. पुन्हा काही आलं नाही. बाहेर आले. रिकिबीच्या पोकळीतून आता अंगणाची फरशी दिसत नव्हती. घोड्याच्या पोटाची कड दिसत होती.

 मग कुठल्याही शहाण्या बाईने जे केलं असतं तेच मी केलं. चष्मा पुसला. कॅनव्हास ओलाव्याने ताणतो आणि सैल पडतो, उजेड बदलला की अंतरं फसवतात, आणि मास्तरांच्या जाण्याने माझं मन थाऱ्यावर नव्हतं. सगळी कारणं खरी होती. मी ती एकापुढे एक मांडली आणि संध्याकाळी घरी गेले.

४

घरी आम्ही चौघी. मी, माझी ताई, तिची मुलगी आणि त्या मुलीची मुलगी. जावई दूर नोकरीला, सुट्टीला यायचे. मी लग्न केलं नाही. ताईने मला तिच्या संसारात कायमची जागा दिली आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पन्नाशी उलटली तरी तिच्यासाठी मी छोटीच, आणि म्हणून तिच्या नातीसाठी छोटी आजी. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे. नुकती सहा वर्षांची झालेली, एका जागी उभी राहिली तरी स्वतःभोवती फिरायची.

ताईच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख ठरली होती. डॉक्टर म्हणाले होते की वय बघता धोका आहे, पण न केलं तर जास्त. ताई ऑपरेशनबद्दल बोलायची ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. मला मात्र ते जमत नव्हतं. आई लवकर गेली तेव्हापासून माझी वेणी हिनेच घातलेली. ती नसेल अशा घराची मला कल्पनाच करता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी ती करून बघायलाही तयार नव्हते.

त्याच दिवसांत चौकटवाले आले. संग्रहालयाच्या सगळ्या चौकटी तेच बनवायचे. बुटके, गोल, कानावर पेन्सिल. ओलाव्याने फिकट घोड्याची चौकट खालून कुजली होती. त्यांनी गुडघे टेकून एका हाताने खालची कड चाचपली आणि दुसरा हात तोल सांभाळायला वर चित्राच्या दिशेने ताणला. बोटं पट्ट्याच्या टोकाशी गेली होती. रिकीब त्यांच्या काखेत होती.

मला त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? काका, डॉक्टरांना दाखवून घ्या, घोड्याला तुमचं माप बसलंय? मी म्हटलं, चित्राला हात लागेल, जपून. ते म्हणाले, "लागत नाही हो बाई, इतकी वर्षं काय करतोय," आणि पेन्सिल कानावर ठेवून गेले.

त्याच आठवड्यात चौकटवाले वारल्याचं कळलं. जिन्यावरून पडायचं निमित्त झालं. तीन पायऱ्यांचा जिना, घरातलाच.

५

आता कारणं मांडायची ताकद माझ्यात राहिली नव्हती. मी कार्यशाळेत जायचे आणि चित्राकडे पाठ करून बसायचे. मागे चामडं करकरायचं, वजन बदलत उभ्या असलेल्या घोड्याचं खोगीर करकरतं तसं. मी वळले की गप्प. एकदा बक्कल वाजलं तेव्हा मी वळलेसुद्धा नाही. मग वळावं लागलंच.

कुशीवरच्या गेलेल्या जागेत मी स्वतः पांढरं लुकण भरलं होतं. त्याला अजून रंगाचा थेंब लावला नव्हता. त्या पांढऱ्या जागेच्या खालच्या अंगाला रिकीब लोंबत होती. नुसती काढलेली नव्हती, जुनी होती. तिच्यावर जुन्या रंगाला पडतात त्या बारीक भेगा होत्या, आणि त्या माझ्या चार दिवसांच्या लुकणावरून सरळ गेल्या होत्या.

मी बोळा घेऊन ती पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी परत होती, त्याच जागी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी चष्मा घरी विसरले. ताईला डॉक्टरांनी आराम सांगितला होता, म्हणजे ती तो घेऊन स्वतः येणार हे ठरलेलंच. ती दारात दिसली. तिला बाहेरूनच परत पाठवायला मी उठले, पण धाप लागली म्हणून ती माझ्या बुटक्या स्टुलावर बसलीसुद्धा, चित्राला लागून.

"मास्तर सांगायचे तो घोडा हाच का?" ती म्हणाली. मग तिने तेच केलं जे बाबांच्या कुठल्याही मुलीने केलं असतं. हात वर ताणून बोटं पट्ट्याच्या टोकाला टेकवली.

"माझ्याच मापाची आहे गं, छोटे," ताई म्हणाली. "बघ तरी, बरोबर काखेत." तिच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी ते तबेल्यातलं हसू आलं होतं. मी तिला रिक्षात बसवून दिलं आणि परत कार्यशाळेत आले.

६

आपण काय करतोय हे मला माहीत होतं. आणि तरीही मी नियम पाळून केलं, याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

रिकीब पुसून चालत नव्हतं. मग हलवून बघायचं ठरवलं. सगळ्यात सोपं म्हणजे ती खाली न्यायची, जमिनीला टेकेल इतकी लांब करायची, की जगातल्या कुठल्याच माणसाचा हात पुरू नये. पण लुकण भरलेल्या जागेच्या खालच्या बाजूला मूळ रंग होता. घोड्याचं पोट, अंगणाची फरशी, सगळं शाबूत, दोन-अडीचशे वर्षांचं. तिथे ब्रश टेकवायचा नव्हता. समोर माझ्या बहिणीचं मरण टांगलेलं होतं आणि मी मूळ रंगाला धक्का लागू नये याची काळजी करत होते. उभी हयात जे केलं ते हाताला सुटत नाही.

माझ्या हद्दीत फक्त ती पांढरी जागा होती. म्हणजे वरच जायचं.

ताईच्या मापाच्या थोडं वर माझं माप होतं. तेही त्या पांढऱ्या जागेतच. माझा हात ताईपेक्षा आखूड आहे. ब्रश तिथे गेला होता. तिथे टेकवून थांबला होता. मी स्वतःला खोटं सांगणार नाही, मी पूर्ण विचार केला आणि मग ब्रश उचलून आणखी वर नेला, पांढऱ्या जागेच्या अगदी वरच्या टोकाला. इतकी आखूड रिकीब की कुणाचाच हात तिथे बसू नये. कोणी दिसलंच नाही मला तेवढ्या मापाचं. कार्यशाळेत येणारी सगळी माणसं मोठी होती.

ती काढताना हात एकदाही अडखळला नाही. पट्ट्याला मधे जास्तीची भोकं पाडून घेतल्यावर तो खाली कसा दुमडतो, आखूड पट्ट्याला रिकीब कशी किंचित बाहेर वळते, सगळं हाताला माहीत होतं. कुठून माहीत आहे, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. माझ्यासाठी बाबांनी आर घेऊन अशीच जास्तीची भोकं पाडली होती. मी पहिलीत होते.

दुसऱ्या दिवशी ताईला आत नेलं. मी बाकावर बसून होते. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं, बाई खमक्या आहेत. मी तिथेच रडले. नर्सने पाणी दिलं. मग संग्रहालयात जाऊन पाहिलं. रिकीब मी ठेवली तिथेच होती. तिला ती जागा मान्य झाली होती.

७

घोडा पुन्हा दालनात गेला. नवी चौकट दुसऱ्याच कुणीतरी केली. जुन्या फोटोंत रिकीब लांब आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रिकिबीकडे बघणारे मास्तर एकटेच होते, आणि तेही माझ्यामुळे. माझ्या वरिष्ठांनी चित्राच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं आणि भरलेली जागा कुठली हे मलाच विचारलं. मला तेव्हा अभिमान वाटला.

ताई महिन्याभरात हिंडूफिरू लागली. घरात पुन्हा भांड्यांचा आवाज आला. ती सगळ्यांवर ओरडायला लागली आणि भाची म्हणाली, आई बरी झाली. संध्याकाळी पडल्या पडल्या ती भिंगरीला तबेल्याच्या गोष्टी सांगायची. कुठला घोडा चावायचा, कुठला साखरेसाठी खिसे हुंगायचा, छोटी आजी कशी शेणात पडली. खुंटीला पट्टा अडकवून मापाचा खेळ शिकवायची. मी हे सगळं शेजारच्या खोलीतून ऐकत होते. मला ते ऐकायला फार आवडायचं.

सुट्टीच्या दिवशी ताई तिला घेऊन संग्रहालयात आली. मला आधी सांगितलं नव्हतं, गंमत म्हणून. मी जिना चढून दालनात पाऊल टाकलं तेव्हा ताई मधल्या बाकावर बसली होती, आणि पार टोकाला, प्रेक्षकांना अडवायला लावलेल्या दोरखंडाच्या खालून वाकून आत गेलेली, भिंगरी घोड्यापुढे उभी होती. एरवी क्षणभर स्थिर न राहणारी पोर अगदी स्थिर होती. टाचा उंचावून तिने हात वर ताणला आणि बोटं पट्ट्याच्या टोकाला टेकवली.

तिला खाली बसावं लागलं नाही.

मी हाक मारली की नाही, आठवत नाही. चामडं करकरल्याचं आठवतं. ती वळून हसली आणि एवढ्या लांबून म्हणाली, "छोटी आजी, ही माझी आहे." तिच्या मागे घोड्याचे कान पुढे झाले होते. इतकी वर्षं ते मागे होते, दाराकडे. मी ते स्वतः साफ केले होते.

८

भिंगरीला ताप दुसऱ्या दिवशी आला आणि चढतच गेला. भाचीने माझ्याकडे बघून विचारलं, मावशी, उतरेल ना गं? मी म्हटलं, उतरेल. मग कपडे आणते असं सांगून मी हॉस्पिटलमधून निघाले आणि थेट संग्रहालयात गेले.

दुपार होती. साप्ताहिक सुट्टीमुळे दालन बंद होतं. माझ्याकडे किल्ली होती. रंगांची पेटी, ब्रश, बोळे, सगळं घेतलं. आता मूळ रंग, नियम, नोकरी, कशाची पर्वा नव्हती. रिकीब माझ्या मापाला आणायची, एवढंच मनात होतं. जिथे ब्रश थांबला होता तिथेच. मी चालता चालताच काखेपासून बोटांपर्यंतचं अंतर दोरीवर घेऊन गाठ मारली होती.

खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. दालनात तो ओल्या चामड्याचा वास होता. दोन्ही भिंतींवर पांढरे, काळे, तांबडे घोडे आपापल्या राजांना घेऊन जागच्या जागी उभे होते. मी टोकाशी पोचले आणि पडदा ओढून उजेड आत घेतला.

चित्रात दगडी अंगण होतं. भिंतीत कडी होती. कडीला दोर होता, त्याचं मोकळं टोक हलत होतं. फरशीवर चार काड्या गवत. बाकी काही नव्हतं.

एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात दोरी घेऊन मी तिथे उभी राहिले. रंगवायला घोडाच नव्हता. दोर हलायचा हळूहळू थांबला. मग पिशवीत फोन वाजायला लागला, आणि मी तो घेतला नाही, वाजू दिला. भाचीचा असणार हे मला माहीत होतं.

९

ताई जगली. झडप उत्तम चालते आहे, डॉक्टर दर वेळी कौतुक करतात. ती घरी येऊन देवापुढे बसते आणि एकच विचारते. मी पुढे उभी होते ना, मग मला सोडून हात मागच्या पोरीवर का टाकलास? भाची नवऱ्याकडे राहायला गेली. घरात आम्ही दोघीच. ताई अजून माझ्या ताटात आधी वाढते. मी जेवते. तिने मला वाढवलं, सांभाळलं, आणि मी तिच्यासाठी जे केलं ते मी तिला सांगू शकत नाही.

काल ती म्हणाली, मला तो घोडा बघायचाय. भिंगरीला शेवटचा आवडलेला तोच. मी नाना सबबी सांगितल्या. तिने साडी बदलली आणि दारात उभी राहिली.

घोडा त्याच्या जागी होता. मान कोरडी, कान मागे, तंग आवळलेला. रिकीब खाली सोडलेली, मी काढली तिथेच. ताई दोरखंडापाशी थांबली नाही, आत गेली. रखवालदाराने माझ्याकडे पाहून नजर दुसरीकडे वळवली. ती सावकाश फरशीवर बसली आणि हात वर ताणून बोटं पट्ट्याच्या टोकाला टेकवली. रिकीब तिच्या कोपराच्या जरा खाली आली. तिने हात पुन्हा टेकवून पाहिला.

"तेव्हा माझ्या मापाची होती गं," ती म्हणाली. "तुझ्या कार्यशाळेत. आठवतंय ना तुला? बरोबर काखेत आली होती."

मी हो म्हटलं.

"मग ही आखूड कुणी केली?"

 ताईने चष्मा सारखा केला आणि नाक जवळजवळ कॅनव्हासला लावून त्या जागेकडे पाहिलं. पट्टा, भोकं, रिकिबीची कड, शेजारचे कुशीचे केस. फार वेळ पाहिलं. माझं काम चांगलं आहे. कुठे हात लागलाय ते तिला दिसलं नाही.